मशीनला हात लावायचा की नाही? कंट्रोल चार्ट कसा वाचतात

सकाळी पहिल्या शिफ्टच्या आधी गारखेड्यातल्या सूतगिरणी चौकात डबा घेतलेली माणसं कंपनीच्या बसची वाट बघत उभी असतात. कुणी वाळूजला जाणार, कुणी चिकलठाण्याला, कुणी शेंद्र्याला. छत्रपती संभाजीनगरचा मोठा भाग असाच एमआयडीसीच्या घड्याळावर चालतो. गाड्यांचे सुटे भाग बनवणारे असंख्य छोटे-मोठे कारखाने इथे आहेत आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी दिवसातून कधी ना कधी एक वाद होतोच.

समजा, अशाच एका कारखान्यात सीएनसी मशीनवर स्टीलची पिन बनते. ऑपरेटर एक जॉब उचलतो, मायक्रोमीटर लावतो. साईज थोडी जास्त भरते. सुपरवायझर म्हणतो, "ऑफसेट दे, साईज वर चाललीय." ऑपरेटर म्हणतो, "साहेब, टॉलरन्समध्ये आहे, असू द्या." दोघंही अनुभवी आहेत आणि दोघांपैकी एक जण चूक आहे. पण कोण, हे त्या एका रीडिंगवरून सांगताच येत नाही.

हा वाद सोडवण्यासाठी शंभर वर्षांपूर्वी एक साधं चित्र शोधलं गेलं. त्याचं नाव कंट्रोल चार्ट.

एकाच मशीनवरचे दोन जॉब सारखे का नसतात?

घरी रोज तेच पीठ, तोच तवा आणि तेच हात असतात. तरी दोन पोळ्या तंतोतंत एकाच मापाच्या होत नाहीत. मशीनचंही तसंच आहे. बारच्या कडकपणात किंचित फरक असतो, स्पिंडल थोडं थरथरतं, कूलंटचं तापमान बदलतं, चकची पकड दर वेळी अगदी सारखी बसत नाही, मायक्रोमीटर धरणारा हात कधी जरा जास्त दाबतो. असे डझनभर छोटे फरक मिळून प्रत्येक जॉबची साईज काही मायक्रॉनने इकडेतिकडे होते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. झेरॉक्सचा साधा कागद साधारण शंभर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज येईल.

या फरकाला 'सामान्य कारणांचा फरक' म्हणतात. तो त्या व्यवस्थेतच मुरलेला असतो. त्यासाठी कुणा एकाकडे बोट दाखवता येत नाही.

पण कधीकधी वेगळंच काही घडतं. इन्सर्टची धार तुटते, वेगळ्या लॉटचा माल लागतो, नवीन माणूस चुकीचा ऑफसेट टाकतो, फिक्स्चरचा बोल्ट ढिला होतो. इथे बोट ठेवता येतं. याला 'विशेष कारण' म्हणतात. ते शोधता येतं आणि दुरुस्तही करता येतं.

ज्या प्रक्रियेत फक्त सामान्य कारणांचा फरक उरला आहे, ती 'स्थिर' प्रक्रिया. स्थिर याचा अर्थ सगळे जॉब एकसारखे असा होत नाही. उद्याचे जॉब साधारण कोणत्या पट्ट्यात येतील हे आज सांगता येतं, एवढाच त्याचा अर्थ.

अडचण अशी की मायक्रोमीटरवर दोन्ही प्रकारचे फरक सारखेच दिसतात. आठ मायक्रॉन म्हणजे आठ मायक्रॉन. तो आकडा नेहमीचा आहे की काहीतरी बिघडल्याची खूण आहे, हे तो स्वतः बोलत नाही.

एका पानाचा कागद

अमेरिकेत टेलिफोनची उपकरणं बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीपुढे हाच प्रश्न होता. लाखोंच्या संख्येने भाग बनत होते. काही बिघडलं की मशीनमध्ये बदल केला जायचा, पण त्यानं दर्जा सुधारेलच याची खात्री नसायची. तिथल्या वॉल्टर शुहार्ट या भौतिकशास्त्रज्ञानं १६ मे १९२४ रोजी आपल्या वरिष्ठांना जेमतेम एक पानाचं टिपण दिलं. त्यात एक आकृती होती. आज ज्याला कंट्रोल चार्ट म्हणतात, त्याचा तो पहिला नमुना मानला जातो. पुढे १९३१ मध्ये शुहार्ट यांचं या विषयावरचं मूळ पुस्तक आलं.

त्यांची कल्पना सोपी होती. प्रक्रियेला नेहमी किती हलायची सवय आहे, हे तिच्याच आकड्यांवरून आधी मोजायचं. मग त्या सवयीच्या दोन्ही बाजूंना रेषा मारायच्या. रेषांच्या आत जे हलतं ते नेहमीचं. रेषेबाहेर काही गेलं, तर कारण शोधायला उठायचं.

भारतात ही पद्धत यायला फार उशीर झाला नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली होती. या संस्थेच्या पुढाकारानं १९४७-४८ मध्ये शुहार्ट स्वतः भारतात आले. नंतर संस्थेनं उद्योगांना ही पद्धत शिकवण्यासाठी वेगवेगळ्या शहरांत केंद्रं काढली, त्यात मुंबई आणि पुणेही होतं. शुहार्ट यांचेच विचार घेऊन डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग १९५० मध्ये जपानला गेले. तिथल्या उद्योगांनी ते किती मनावर घेतलं, हे जपानी गाड्यांनी पुढे जगाला दाखवलं.

संभाजीनगरात वाहन उद्योगानं मूळ धरलं ते मुख्यतः १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यानंतर. त्याच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्यांचं जाळं विणलं गेलं. आज वाहन उद्योगाला माल देणाऱ्याकडे आयएटीएफ १६९४९ हे प्रमाणपत्र मागितलं जातं आणि त्यात अशा सांख्यिकी साधनांचा वापर अपेक्षित असतो. भारतीय मानक ब्युरोचं आयएस ३९७ हे मानकही याच विषयावर आहे. त्यामुळे इथल्या कारखान्यांच्या भिंतीवर कंट्रोल चार्ट दिसणं नवीन नाही. तो वाचणारे मात्र त्या मानानं कमी असतात.

चार्ट बनतो कसा?

आपल्या पिनचंच उदाहरण घेऊ. ड्रॉइंगवर व्यास आहे २०.०० मिमी, टॉलरन्स प्लस-मायनस ५० मायक्रॉन. म्हणजे १९.९५० ते २०.०५० मिमी चालेल.

सर्वांत जास्त वापरला जाणारा प्रकार 'एक्स-बार आणि आर' चार्ट. त्याच्या पायऱ्या अशा:

१. दर तासाला सलग पाच जॉब घ्यायचे आणि मोजायचे. या पाचांच्या गटाला सबग्रुप म्हणतात.

२. पाचांची सरासरी काढायची. ही एक्स-बार. पाचातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान साईजमधला फरक काढायचा. ही रेंज, म्हणजे आर.

३. असे किमान २० ते २५ सबग्रुप जमवायचे. २५ घेतले तर १२५ रीडिंग होतात. या काळात सेटिंगशी खेळायचं नाही.

४. सगळ्या सरासऱ्यांची सरासरी आणि सगळ्या रेंजची सरासरी काढायची.

समजा, सरासऱ्यांची सरासरी आली २०.००२ मिमी आणि सरासरी रेंज आली २६ मायक्रॉन. पाचच्या सबग्रुपसाठी छापील तक्त्यात ०.५७७ हा गुणक दिलेला असतो. २६ गुणिले ०.५७७ म्हणजे १५ मायक्रॉन. मधल्या रेषेच्या वर १५ आणि खाली १५ घेतले की मर्यादा मिळाल्या: वरची २०.०१७ आणि खालची १९.९८७.

रेंजच्या चार्टसाठी गुणक २.११४. म्हणजे रेंजची वरची मर्यादा झाली ५५ मायक्रॉन. पाचच्या सबग्रुपला रेंजची खालची मर्यादा शून्यच असते.

आता दर तासाला दोन बिंदू मांडायचे. वरच्या चार्टवर सरासरी, खालच्या चार्टवर रेंज. वरचा चार्ट सांगतो की मशीनचा नेम कुठे आहे. खालचा सांगतो की हात किती थरथरतो. वाचताना आधी रेंजचा चार्ट बघायचा, कारण वरच्या मर्यादा रेंजवरूनच काढलेल्या असतात. रेंजच बिघडली असेल तर वरच्या रेषांवर भरवसा ठेवता येत नाही.

ते गुणक आकाशातून पडलेले नाहीत. रेंजवरून फरकाचा अंदाज बांधून तो मध्यापासून तीन 'सिग्मा' अंतरावर नेण्याचं काम ते करतात. सिग्मा म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती पसरतात याचं माप. आकड्यांचा पसारा नेहमीच्या घंटेच्या आकाराचा असेल, तर काहीही बिघडलेलं नसताना बिंदू तीन सिग्माबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ३७० मध्ये एक असते. म्हणजे बाहेर गेलेला बिंदू बहुधा खरंच काहीतरी सांगतोय. क्वचित खोटी घंटाही वाजते. ती टाळण्यासाठी रेषा आणखी लांब नेल्या, तर खरा बिघाड उशिरा कळेल. तीन सिग्मा हा या दोन नुकसानांमधला व्यवहारी मध्य आहे.

सगळे बिंदू आत आहेत, म्हणजे सगळं ठीक?

नेहमीच नाही. बिंदू आत असूनही त्यांची चाल संशयास्पद असू शकते. म्हणून काही जादा नियम वापरतात. १९५६ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकनंच आपल्या पुस्तिकेत असे नियम छापले होते. आज कारखान्यांत मुख्यतः हे बघतात:

• एखादा बिंदू मर्यादेबाहेर.

• सलग आठ बिंदू मधल्या रेषेच्या एकाच बाजूला. नाणं आठ वेळा उडवलं आणि आठही वेळा छापाच पडला, याची शक्यता २५६ मध्ये एक असते. तसं झालं तर नाण्याकडे बघायला हवं.

• सलग सहा बिंदू चढत किंवा उतरत.

काही कंपन्या आठऐवजी सात किंवा नऊ बिंदू धरतात. कोणताही आकडा धरा, पण आधी ठरवा आणि मग बदलू नका. सगळेच नियम एकदम लावले तर खोट्या घंटा वाढतात, हेही लक्षात ठेवायचं.

आता पिनच्या मशीनवर पुढच्या काही तासांत सरासऱ्या अशा आल्या असं धरू: २०.००१, २०.००४, २०.००६, २०.००९, २०.०११, २०.०१४. एकही बिंदू २०.०१७ ओलांडत नाही. टॉलरन्सची २०.०५० ही हद्द तर फारच लांब आहे. पण सहाही बिंदू चढते आहेत. बाहेरचा व्यास टर्निंग करताना इन्सर्ट झिजत गेला की माल कमी कापला जातो आणि साईज वाढत जाते. चार्ट तेच सांगतोय.

इथे थांबण्याचा फायदा आकड्यांत दिसतो. या मशीनचा सिग्मा सरासरी रेंजवरून काढता येतो. २६ भागिले २.३२६ म्हणजे सुमारे ११ मायक्रॉन. एकेक जॉब सरासरीच्या वरखाली तीन सिग्मा, म्हणजे जवळपास ३३ ते ३४ मायक्रॉन पसरतो. सरासरी २०.०१४ असताना सर्वांत मोठा जॉब २०.०४८ च्या आसपास जाईल. अजून सगळा माल पास आहे. पुढच्या तासाला सरासरी २०.०१९ झाली, तर वरचं टोक २०.०५० च्या पलीकडे जाईल आणि एखाद-दुसरा जॉब रिजेक्ट व्हायला लागेल.

म्हणजे चार्टनं एक तास आधी हाक मारली. गो-नो-गो गेज घेऊन बसलेल्या माणसाला हे खराब जॉब हाती आल्यावरच कळलं असतं.

टॉलरन्स आणि कंट्रोल लिमिट यांची गल्लत

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. टॉलरन्स ठरवतो ग्राहक, ड्रॉइंगवर. कंट्रोल लिमिट ठरवते मशीन, आपल्या वागणुकीतून. एक आहे मागणी, दुसरी आहे सवय. दोघांचा एकमेकांशी थेट संबंध नाही.

शिवाय टॉलरन्स एकेका जॉबसाठी असतो आणि एक्स-बार चार्टवरची मर्यादा पाच जॉबच्या सरासरीसाठी. सरासरी नेहमीच कमी हलते. म्हणून एक्स-बार चार्टवर टॉलरन्सच्या रेषा मारल्या तर चार्ट आंधळा होतो. वर बघितलेली इन्सर्टची झीज अशा चार्टवर दिसलीच नसती.

दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या की प्रक्रियेच्या चार अवस्था स्पष्ट होतात.

स्थिर आणि सक्षम: फरक नेहमीचा आहे आणि टॉलरन्समध्ये आरामात मावतो. आपल्या पिनचा सहा सिग्माचा पसारा ६७ मायक्रॉन आहे, जागा आहे १०० मायक्रॉन. हे गुणोत्तर, ज्याला सीपी म्हणतात, आलं १.४९. अशा मशीनला काम करू द्यावं.

स्थिर पण अक्षम: समजा रेंज दुप्पट असती. मग पसारा झाला असता सुमारे १३४ मायक्रॉन, जागा तेवढीच १००. चार्टवर एकही बिंदू बाहेर नाही, तरी रोज ठरावीक रिजेक्शन होणारच. यात ऑपरेटर काहीच करू शकत नाही. बेअरिंग, फिक्स्चर किंवा मशीनच बदलावं लागतं, किंवा ग्राहकाशी टॉलरन्सबद्दल बोलावं लागतं.

अस्थिर पण सध्या टॉलरन्समध्ये: आज माल पास होतोय, उद्याचं सांगता येत नाही. ही सर्वांत फसवी अवस्था, कारण रिजेक्शनच्या रिपोर्टमध्ये काहीच दिसत नाही.

अस्थिर आणि टॉलरन्सबाहेर: इथे वाद नाही. थांबवायचं आणि कारण शोधायचं.

ग्राहक सीपीके मागतो, तेव्हाही आधी चार्ट स्थिर असावा लागतो. प्रक्रिया स्थिर नसताना काढलेला सीपीके म्हणजे दर तासाला बदलणाऱ्या माणसाचा सरासरी स्वभाव सांगण्यासारखं आहे.

हात लावण्याचा मोह महागात कसा पडतो?

आता सुरुवातीच्या वादाकडे येऊ. साईज दहा मायक्रॉन वर भरली आणि सुपरवायझरनं दहा मायक्रॉन खाली ऑफसेट द्यायला लावला. पुढचा जॉब सहा खाली आला, मग सहा वर दिला. असं दिवसभर चालू राहिलं. दिसायला हे दक्षतेचं काम वाटतं.

मशीन मुळात स्थिर होतं आणि ते दहा मायक्रॉन हा नेहमीचाच फरक होता असं धरा. मग काय होतं? आधीच्या जॉबचा योगायोगानं आलेला फरक आता सेटिंगमध्ये शिरला. पुढच्या जॉबमध्ये त्याचा स्वतःचा फरक आहेच, शिवाय हा उसना फरक आला. गणितात याचं उत्तर नेमकं आहे. प्रत्येक मोजलेल्या जॉबनंतर पूर्ण दुरुस्ती करत राहिलं, तर 'व्हेरियन्स' दुप्पट होतो आणि पसारा सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो.

आपल्या पिनला हे लावून बघा. ६७ मायक्रॉनचा पसारा होतो जवळपास ९५. जागा १००. सीपी १.४९ वरून १.०५ वर आला. मशीन तेच, माल तोच, माणूसही तोच. फक्त काळजीपोटी लावलेल्या हातांनी चांगलं मशीन कड्यावर नेऊन उभं केलं.

डेमिंग आपल्या वर्गांत हेच नरसाळं आणि गोटी घेऊन दाखवत. नरसाळं एका जागी ठेवून गोट्या टाकल्या तर त्या खुणेभोवती थोड्या पसरतात. प्रत्येक गोटीनंतर नरसाळं उलट दिशेला सरकवलं तर जास्त पसरतात.

मग त्या वादात बरोबर कोण? बिंदू मर्यादेच्या आत असेल आणि चाल दिसत नसेल, तर ऑपरेटर. पण त्यानं दिलेलं कारण मात्र चूक होतं. "टॉलरन्समध्ये आहे" म्हणून सोडून द्यायचं नसतं, "नेहमीच्या फरकात आहे" म्हणून सोडायचं असतं. इन्सर्ट झिजत असतानाही तो हेच म्हणाला असता आणि त्या दिवशी सुपरवायझर बरोबर ठरला असता.

ओरडा कुणाला आणि शाबासकी कुणाला?

कंट्रोल चार्ट फक्त मायक्रॉनपुरता नसतो. जिथे मोजमाप नसून 'चांगला की खराब' एवढंच बघतात, तिथे खराब मालाच्या प्रमाणाचा चार्ट वापरतात. त्याला पी चार्ट म्हणतात.

समजा, पेंटिंगच्या लाइनवर रोज २०० भाग तपासले जातात आणि सरासरी ४ टक्के, म्हणजे ८ भाग खराब निघतात. सूत्रानं वरची मर्यादा येते ८.२ टक्के, खालची शून्य. याचा अर्थ काय? २०० मध्ये शून्यापासून १६ पर्यंत कितीही भाग खराब निघाले, तरी ते या लाइनचं नेहमीचंच वागणं आहे.

आता सोमवारी १३ भाग खराब निघाले. सुपरवायझर चिडला, मीटिंग घेतली, एकाला मेमो दिला. मंगळवारी ७ निघाले. सुपरवायझरला वाटलं, ओरडल्यावरच माणसं सुधारतात. बुधवारी ३ निघाले, सगळ्यांना शाबासकी मिळाली. गुरुवारी ११. सुपरवायझर म्हणाला, कौतुक केलं की डोक्यावर बसतात.

प्रत्यक्षात चारही दिवस लाइन तीच होती. मोठ्या आकड्यानंतरचा आकडा बहुधा लहान येतो आणि लहानानंतरचा मोठा, एवढंच घडलं. पण त्यातून एका माणसाच्या नावावर मेमो लागला आणि दुसऱ्याच्या मनात माणसांबद्दल चुकीचा धडा पक्का झाला. जिथे बोनस किंवा कंत्राट पुढे चालू ठेवणं अशा आकड्यांवर ठरतं, तिथे हा धडा फार महाग असतो.

आणि त्या ४ टक्क्यांचं काय? ते कमी करायलाच हवेत. पण त्यासाठी सोमवारच्या १३ मागचं खास कारण शोधून उपयोग नाही, कारण तसं कारण नाहीच. रंगाची घट्टता, भट्टीचं तापमान, भाग टांगण्याची पद्धत, धूळ अशी सगळी व्यवस्था तपासावी लागते. ते काम व्यवस्थापनाचं. डेमिंग यांचा स्वतःच्या अनुभवावरचा अंदाज असा होता की सुमारे ९४ टक्के अडचणी व्यवस्थेतून येतात आणि उरलेल्या ६ टक्के विशेष कारणांतून.

मेमो देण्याआधी चार्टवर एक नजर टाकली, तर निदान प्रश्न योग्य माणसाकडे जातो.

चार्ट कुठे फसतो?

चार्ट शिफ्टच्या शेवटी भरला की. दर तासाची पाच रीडिंग सुटीच्या आधी दहा मिनिटांत लिहिली जातात तेव्हा बिंदू मधल्या रेषेला इतके चिकटून बसतात की ते खरे नाहीत हे कुणालाही कळावं. बिंदू फार गुण्यागोविंदानं वागत असतील, तर तीसुद्धा धोक्याचीच खूण असते.

मोजण्याचं साधन खराब असलं की. दोन माणसं एकाच जॉबची साईज दहा मायक्रॉनच्या फरकानं सांगत असतील, तर चार्ट मशीनचा राहत नाही, मायक्रोमीटरचा होतो. आधी मापन तपासायचं, मग प्रक्रिया.

सबग्रुप चुकीचा घेतला की. दोन मशीनचा माल एकाच ट्रेमध्ये मिसळून पाच जॉब उचलले, तर दोन्ही मशीनमधला फरक रेंजमध्ये शिरतो. मर्यादा फुगतात आणि खरा बिघाड लपतो.

बिंदू बाहेर गेला तरी कुणी काही लिहिलं नाही की. चार्टच्या खाली शेऱ्यासाठी जागा असते. इन्सर्ट बदलला, नवीन बार लावला, वीज जाऊन आली, नवीन माणूस आला. या चार शब्दांच्या नोंदी नसतील, तर कारण शोधायला आठवड्यानं कुणाच्या आठवणीवर विसंबावं लागतं.

आणि चार्ट ऑडिटपुरता लावला की. ऑपरेटरला तो वाचता येत नसेल किंवा बिंदू बाहेर गेल्यावर मशीन थांबवायचा अधिकार त्याला नसेल, तर तो कागद भिंतीची शोभाच राहतो.

सुरुवात कशी करायची?

महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. शुहार्ट यांच्या काळात तर कॅल्क्युलेटरही खिशात नव्हता. आलेखाचा कागद, पेन्सिल आणि गुणकांचा तक्ता पुरतो. सगळ्या मापांचा चार्ट लावायचीही गरज नाही. ज्या एका मापावरून ग्राहकाची तक्रार येते, ते निवडायचं. २५ सबग्रुप प्रामाणिकपणे जमवायचे. मर्यादा काढायच्या. पहिल्याच फेरीत काही बिंदू बाहेर असतील, तर कारण शोधायचं. ते सापडलं आणि दूर केलं की ते बिंदू वगळून मर्यादा पुन्हा काढायच्या. कारण सापडलं नाही, तर आकडे गैरसोयीचे आहेत म्हणून वगळायचे नाहीत.

ज्या गिरणीमुळे सूतगिरणी चौकाला नाव मिळालं, तिच्या धंद्यातही प्रश्न हाच असतो. सुताची जाडी काउंटमध्ये मोजतात. एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात, तो काउंट. कोणत्याही दोन लडी अगदी सारख्या भरत नाहीत. आजची लड जरा जाड आली म्हणून लगेच यंत्राचं सेटिंग बदलायचं की थांबायचं, हे तिथेही ठरवावं लागतं. १९४७ मध्ये अहमदाबादेत कापड गिरण्यांसाठी अटिरा ही संशोधन संस्था उभी राहिली, तेव्हापासून भारतीय कापड उद्योगानंही याच सांख्यिकी पद्धतींची कास धरली.

सूत असो की स्टीलची पिन, चार्ट दोनच गोष्टी सांगतो: आता उठून कारण शोधा, किंवा आता मशीनला हात लावू नका. शॉप फ्लोअरवर पहिलं वाक्य बऱ्याच जणांना ऐकू येतं. दुसरं ऐकायला जास्त धीर लागतो.